आणि तो चौथा कोण?

क्वीन या बँडचा फोटो कुठल्याही मराठी घरात दाखवा. एक तरी माणूस फ्रेडी मर्क्युरीच्या मिशीवर बोट ठेवून म्हणतो, ‘हा आपल्या पाचगणीत शिकला.’ ते खरंही आहे. झांझिबारला जन्मलेला फारूख बलसारा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये होता आणि तिथल्या पोरांच्या ‘हेक्टिक्स’ नावाच्या बँडमध्ये पियानो बडवायचा. मग बोट पुढे सरकतं. हा कुरळ्या जटांचा ब्रायन मे, गिटारवाला, खगोलशास्त्रात डॉक्टरेट. हा सोनेरी केसांचा रॉजर टेलर, ड्रमवाला, दंतवैद्यकाचा अभ्यास सोडून पळालेला. त्यानंतर बोट चौथ्या माणसापाशी येतं आणि थांबतं. चेहरा असा, की बँकेत तुमच्या पुढे रांगेत उभा होता आणि बाहेर पडल्यावर तुम्हाला आठवला नाही. ‘हा असेल त्यांचा कोणीतरी.’

हा त्यांचा कोणीतरी म्हणजे जॉन डीकन. बेस गिटारवाला.

फ्रेडीवर पाचगणीने हक्क सांगितला, पारशी म्हणून मुंबईनेही सांगितला. डीकनवर आपल्याला कुठल्याच बाजूने हक्क सांगता येत नाही. जन्म १९ ऑगस्ट १९५१चा, गाव लेस्टर. लेस्टरमध्ये पुढे गुजराती मंडळी एवढी आली की तिथे दिवाळी रस्त्यावर साजरी होऊ लागली; पण ते नंतरचं, आणि त्याचा या गृहस्थाशी काही संबंध नाही. वडील विमा कंपनीत नोकरीला होते, मुलगा लहान असतानाच ते गेले. हा आपला खोलीत बसून रेडिओवरची गाणी टेपरेकॉर्डरवर उतरवून घ्यायचा, आणि त्यासाठी त्या टेपरेकॉर्डरच्या आत हवे ते बदल स्वतःच करायचा. पुढे लंडनच्या चेल्सी कॉलेजमधून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, तीही प्रथम वर्गात. थोडक्यात, त्या चौघांत आपल्या आत्याने डोळे झाकून स्थळ म्हणून सुचवावा असा हा एकटाच.

असा माणूस आपण पाहिलेला असतो. प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक खजिनदार असतो. सर्वसाधारण सभेत चेअरमन आणि सेक्रेटरी एकमेकांची तीन पिढ्यांची उणीदुणी काढत असतात, तळमजल्यावाले वरच्या मजल्यावाल्यांवर धावून जात असतात, आणि हा मागच्या खुर्चीत फाईल मांडीवर घेऊन बसलेला असतो. तासाभराने कोणाला तरी दम लागतो तेव्हा तो एवढंच म्हणतो, ‘टाकीच्या दुरुस्तीला खात्यात पैसे नाहीत.’ सभा संपते. त्या खजिनदाराच्या गळ्यात चार तारांची गिटार अडकवा, त्याला ७२ हजार माणसांसमोर उभा करा. झाला जॉन डीकन.

बेस वाजवायचं स्वप्न बघत कोणी मोठं होत नाही. पोरांना हवी असते गिटार, नाहीतर ड्रम. बेस ही वाटणीनंतर उरलेली वस्तू. बीटल्सचा बेसवाला १९६१मध्ये हॅम्बुर्गलाच राहिला, तेव्हा लेननला ते काम नको होतं, हॅरिसनला नको होतं, म्हणून ते मॅकार्टनीच्या गळ्यात पडलं. डीकनचंही तेच. शाळकरी वयात ‘ऑपोझिशन’ नावाचा बँड होता, त्यात हा गिटार वाजवायचा. बेसवाला कमी पडतो असं इतरांचं मत पडलं, त्याला काढला, आणि ती जागा भरायला बँडमधला सगळ्यात कमी कुरकुर करणारा माणूस शोधला गेला. तो कोण होता हे सांगायला नको.

क्वीनचा कार्यक्रम त्याने पहिल्यांदा पाहिला तो १९७०मध्ये, प्रेक्षक म्हणून. काळे कपडे घातलेल्या चार आकृत्या अंधारात हलत होत्या, मनावर काही विशेष ठसा उमटला नाही, असं त्याने पुढे सांगितलं आहे. जगातल्या एका सर्वांत भपकेदार बँडबद्दलचा हा अभिप्राय, तोही पुढे त्याच बँडमध्ये जन्म काढलेल्या माणसाचा. त्या वेळी क्वीनमध्ये बेसवाला टिकत नव्हता. वर्षभरात तीन येऊन गेले. त्यातला एक म्हणे मंचावर एवढ्या उड्या मारायचा की लोक त्याच्याकडेच बघत राहायचे. ज्या बँडमध्ये फ्रेडी मर्क्युरी आहे तिथे हा गुन्हा दखलपात्र होता. १९७१च्या सुरुवातीला एका डिस्कोमध्ये डीकनची मे आणि टेलरशी ओळख करून देण्यात आली. तो आला, वाजवलं, फारसं बोलला नाही. तिघांनाही पटला. एकतर हा उड्या मारणार नव्हता, आणि दुसरं म्हणजे त्याला वायरिंग दुरुस्त करता येत होतं. भारतात किंवा इंग्लंडात, ऐन कार्यक्रमात बंद पडलेला अ‍ॅम्प्लिफायर ज्याला सुरू करता येतो, त्याला कोणताही बँड सोडत नाही.

नोकरी मिळाली तरी त्याने शिक्षण सोडलं नाही. १९७३मध्ये पहिला अल्बम आला तेव्हाही साहेब पुढच्या पदवीचा अभ्यास करत होते, रॉक-अँड-रोल चाललं नाही तर काय करायचं. अल्बमच्या वेष्टनावर त्याचं नाव उलटं छापलं होतं, ‘डीकन जॉन’. जरा भारदस्त वाटतं, असा इतरांचा विचार. दुसऱ्या अल्बमच्या वेळी नाव पुन्हा सरळ झालं. स्वतःच्या नावाबद्दल त्याने बँडशी घातलेला, माझ्या माहितीतला, हा एकमेव वाद.

याच सुमारास लंडनच्या रस्त्यावर कचऱ्याच्या एका मोठ्या पेटाऱ्यात त्याला सर्किट बोर्ड दिसला, तारा बाहेर लोंबत असलेला. दुसरा एखादा रॉक संगीतकार तिथून पुढे गेला असता. डीकनने तो घरी आणला, एका पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या स्पीकरच्या खोक्यात बसवला, नऊ व्होल्टच्या बॅटरीला जोडला. त्याला ना आवाज कमी-जास्त करायचं बटण, ना चालू-बंद करायचं. बॅटरी जोडली की चालू, काढली की बंद. घरी सराव करता यावा, एवढाच उद्देश. पुढे ब्रायन मेने त्यात आपली गिटार जोडून पाहिली. ती गिटारही त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच बनवलेली, दांडा जुन्या शेकोटीच्या लाकडाचा. तर शेकोटीतली गिटार आणि कचऱ्यातला अ‍ॅम्प्लिफायर यांच्या संगमातून असे सूर निघाले की मे थक्क झाला. ‘गुड कंपनी’ या १९७५च्या गाण्यात क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन असा अख्खा जुना जाझ बँड वाजतोय असं वाटतं. ती सगळी त्या एका गिटारची आणि या खोक्याची करामत. ‘डीकी अ‍ॅम्प’ म्हणून ते खोकं आता जगभर प्रसिद्ध आहे. अभियंत्यांनी ते उघडून, मोजमाप घेऊन त्याच्या प्रतिकृती बनवल्या आणि त्या विकल्या. मूळ खर्च, माझ्या हिशेबाने, एका बॅटरीचा.

गाण्याच्या बाबतीत त्याचं धोरण अधिकच काटकसरीचं होतं. क्वीनचं वैशिष्ट्य म्हणजे एकावर एक चढवलेले आवाज. मर्क्युरी, मे आणि टेलर तेच तेच पुन्हा पुन्हा गाऊन तिघांचा दीडशेजणांचा जमाव करायचे. डीकनचा आवाज त्यात नाही. त्याला गाता येत नाही असं त्याचं मत होतं, आणि जो माणूस स्वतःच्या आवाजाबद्दल इतका प्रामाणिक आहे त्याला आपल्याकडच्या किती मंगल कार्यालयांत तातडीने बोलवायला हवं, हा वेगळा विषय. पण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा तो प्रसिद्ध व्हिडिओ आठवा. काळोखातून चार चेहरे वर बघत गात आहेत. त्यातला एक चेहरा रेकॉर्डवर कुठेही नाही. तो इतक्या निष्ठेने ओठ हलवतो की आजवर कोणाला संशय आला नाही.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे त्याच अल्बमसाठी डीकनने बायकोसाठी एक गाणं लिहिलं, ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’. ते इलेक्ट्रिक पियानोवर वाजवायचं होतं. फ्रेडीला त्या वाद्याचा टिनपाट आवाज आवडत नव्हता. त्याला हवा होता मोठा, भव्य, काळाभोर पियानो. तो बसायला तयार होईना. डीकनने वाद घातला नाही. तो इलेक्ट्रिक पियानो घरी घेऊन गेला, वाजवायला शिकला आणि येऊन स्वतःच वाजवला. गाणं गाजलं. जरा विचार करा, या बँडच्या रॉजर टेलरने त्याच अल्बमसाठी प्रेमगीत लिहिलं ते मोटारीला उद्देशून. लग्नाच्या बायकोला ‘तू माझी मैत्रीण’ म्हणणारं गाणं करण्याएवढा सरळ माणूस रॉक संगीतात निघावा हेच आश्चर्य.

लग्न १९७५च्या जानेवारीतलं. बँडची गाणी गाजत होती, टीव्हीवर झळकत होती, आणि त्यांची तेव्हाची व्यवस्थापन कंपनी प्रत्येकाला आठवड्याला ६० पौंड देत होती. बायकोला दिवस गेलेले. डीकनने घराच्या आगाऊ रकमेसाठी ४ हजार पौंड मागितले. नकार आला. फ्रेडीने पियानो मागितला, त्यालाही नकार. आता माणसामाणसातला फरक पाहा. फ्रेडीने त्या अपमानावर एक जहरी गाणं लिहिलं आणि त्याच अल्बमच्या सुरुवातीलाच टाकलं. डीकनने आकडे बघायला सुरुवात केली. त्यानंतर क्वीनच्या करारांत, हिशेबांत, कोणाला किती टक्के यांत त्याचं लक्ष कायम राहिलं. काही वर्षांनी बँडने बाहेरचा व्यवस्थापक ठेवणंच सोडलं आणि एका वकिलाला हाताशी धरून कारभार स्वतःच पाहिला. गाण्याने मन मोकळं होतं हे मान्य, पण हिशेब पाहणाऱ्याचा राग जास्त दिवस टिकतो.

आणि मग आलं १९८०. म्युनिकच्या स्टुडिओत हा मनुष्य एक धून घेऊन आला. तीन ठोके, एकाच सुरावर. ढुम, ढुम, ढुम. त्यापुढे थोडीशी लगबग आणि पुन्हा तेच. ‘शिक’ या अमेरिकी डिस्को बँडचं बेसवादन त्याला भारी आवडायचं, त्याची ही छाया. रॉक बँडमध्ये डिस्को म्हणजे सोवळ्यात कांदा. टेलरला ते मुळीच पसंत नव्हतं. ड्रममध्ये घोंगडी कोंबून तो कोरडा, मेलेला आवाज काढायला लावला याचा राग त्याने पुढेही बोलून दाखवला. बहुतेक वाद्यं डीकननेच वाजवली. गाणं ‘द गेम’ अल्बममध्ये गेलं, आणि एकल रेकॉर्ड म्हणून ते काढायचं कोणाच्या मनातही नव्हतं. लॉस एंजेलिसच्या कार्यक्रमानंतर मायकल जॅक्सन मंचामागे भेटायला आला. तो म्हणाला, हे काढा. काढलं. अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर. क्वीनची अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेली गाणी दोनच आहेत. त्यातलं एक फ्रेडीचं आणि दुसरं हे, ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’.

या गाण्याची लय मिनिटाला सुमारे ११० ठोक्यांची आहे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, म्हणजे हे गाणं मनात घोळवून दाबलं तर प्राण वाचायला तंतोतंत उपयोगी. अडचण एवढीच, की त्याचा आशय ‘आणखी एक गचकला’ असा आहे. म्हणून प्रथमोपचाराचे वर्ग घेणारे सहसा बी जीजचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ शिकवतात; लय जवळपास तीच, पण नातेवाईक ऐकत असले तरी चालतं.

इथे एक हळहळ नोंदवतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. तळहाताएवढ्या स्पीकरला तेवढा खोल सूर काढताच येत नाही. त्याचा वरचा पापुद्रा तेवढा ऐकू येतो. महाराष्ट्रात ऐंशीच्या दशकात ज्यांनी क्वीन ऐकलं त्यांनी ते टू-इन-वनवर, आखातातून आलेल्या कोणाच्या तरी कॅसेटची कॉपीची कॉपी करून ऐकलं. म्हणजे आपल्या एका अख्ख्या पिढीने क्वीन ऐकलं ते जवळजवळ डीकन वगळून. फोटोत तो ओळखू येत नव्हता आणि गाण्यात पोचत नव्हता. आता त्याच पिढीने डिकीत सबवूफर असलेल्या गाड्या घेतल्या आहेत आणि त्यांच्या काचा थरथरायला लागल्यावर ‘अरेच्चा, हे असं होतं होय’ म्हणताहेत.

विसराळूपणाचीही एक कथा आहे. १९८१चा जुलै, स्वित्झर्लंडमधलं माँट्रो. तिथला स्टुडिओ क्वीनने विकतच घेतला होता. डेव्हिड बोवी सहज आला आणि सगळे मिळून वाजवत बसले. डीकनने एक धून धरली: सहा वेळा एकच सूर, मग एक खालचा. सगळे खूश झाले, आणि पिझ्झा खायला बाहेर गेले. खाणंपिणं उरकून परत आले. बोवी म्हणाला, ते मघाचं वाजव. डीकन म्हणाला, कुठलं? दोन सुरांची धून तो साफ विसरला होता. टेलर सांगतो, ती मला आठवली म्हणून वाचली. मे सांगतो, डीकन काहीतरी भलतंच वाजवायला लागला तेव्हा बोवीने त्याचा हात धरून ‘असं नाही, असं’ केलं. आणि खुद्द डीकनने नंतर एका मुलाखतीत सांगून टाकलं की ती धून बोवीचीच. ‘अंडर प्रेशर’ची ती धून आज गिटारला हात न लावलेल्या माणसालाही म्हणता येते. १९९०मध्ये व्हॅनिला आइस नावाच्या एका रॅपरने ती उचलून गाणं केलं आणि वर सांगितलं, आमची वेगळी आहे, आमच्यात एक ठोका जास्त आहे. पुढे पैसे मोजावे लागले. ज्या धुनीवर जगात भांडणं झाली, तिचा बाप कोण याबद्दल सर्वांत उदासीन माणूस तोच, ज्याच्याकडे सगळे बोट दाखवतात.

मात्र तो नुसताच गरीब होता असं समजू नये. ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’ हे १९८४चं गाणं त्याचं. त्यात मेच्या गिटारचा तुकडा त्याने ठरवून टाळला आणि ती जागा सिंथेसायझरला दिली. ब्रायन मेच्या बँडमध्ये गिटार वगळायची म्हणजे धाडसच. व्हिडिओत चौघांनी बायकांचे वेष घेतले. फ्रेडी मिशीसकट व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो, टेलर शाळकरी मुलगी होतो, आणि डीकन कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसलेली, सगळ्यांवर नाराज असलेली आजी. अभिनय करावा लागला नसावा.

१३ जुलै १९८५. वेम्बली, लाइव्ह एड, ७२ हजार लोक समोर आणि टीव्हीवर किती ते मोजायची सोय नव्हती. क्वीनला मिळालेली वीसेक मिनिटं इतिहासात गेली. डीकन त्यात चोख वाजवून उभा आहे. पण कार्यक्रमाच्या आधी राजपुत्र चार्ल्स आणि डायना यांना भेटायची रांग होती, तिथे तो गेला नाही. डायनासमोर आपली फजिती होईल अशी भीती वाटली, म्हणून त्याने आपल्याऐवजी सामान उचलणाऱ्या मदतनिसाला धाडलं, असं त्यानेच सांगितलं. ७२ हजारांची भीती नव्हती, एका बाईची होती.

एकट्याचा अल्बम काढायच्या फंदात तो पडला नाही. बाकी तिघांनी काढले. याने १९८६मध्ये ‘इमॉर्टल्स’ नावाचा बँड काढला, ‘बिगल्स’ या विमानांच्या चित्रपटासाठी एक गाणं केलं, आणि बँड मिटवला. अमर म्हणवणाऱ्या मंडळींचं आयुष्य एका गाण्याचं.

त्याच वर्षी ९ ऑगस्टला नेबवर्थला लाखाहून जास्त लोकांसमोर क्वीनचा कार्यक्रम झाला. फ्रेडीबरोबरचा तो शेवटचा, हे तेव्हा जाहीर नव्हतं. कार्यक्रम संपताना डीकनने आपली गिटार मागच्या अ‍ॅम्प्लिफायरांवर भिरकावली, असं त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी लिहिलं आहे. पंधरा वर्षांत वस्तूचं नुकसान केल्याची, माझ्या माहितीतली, एवढीच नोंद.

२४ नोव्हेंबर १९९१ला फ्रेडी गेला. त्यानंतरचा डीकन वेगळा होता. गप्प तर तो आधीपासूनच होता. पण आता त्या गप्प राहण्यामागे कोणी बोलणारा उरला नव्हता. १९९२ची वेम्बलीची श्रद्धांजली त्याने वाजवली, फ्रेडीच्या मागे राहिलेल्या आवाजावर १९९५चा अल्बम पुरा केला, जानेवारी १९९७मध्ये पॅरिसला एका नृत्यनाट्याच्या प्रयोगात एल्टन जॉनबरोबर एक गाणं वाजवलं, त्या वर्षी आणखी एक रेकॉर्ड केलं, आणि घरी गेला. वय पंचेचाळीस-शेहेचाळीस. ना निरोपाचा दौरा, ना आत्मचरित्र. ज्या धंद्यात माणसं चार-चार निरोपाचे दौरे करतात, तिथे याने एकही केला नाही. २००१मध्ये रॉक-अँड-रोल हॉल ऑफ फेमने चौघांचा गौरव केला; हा फिरकला नाही.

त्याच वर्षी इतर दोघांनी ‘वी आर द चॅम्पियन्स’ रॉबी विल्यम्सकडून गाऊन घेतलं, तेव्हा मात्र हा एका वर्तमानपत्राशी बोलला. उत्तम गाण्याची वाट लावली आणि रॉबी विल्यम्स म्हणजे फ्रेडी मर्क्युरी नव्हे, अशा आशयाचं. बोलून पुन्हा गप्प. पुढे मे आणि टेलर पॉल रॉजर्सला घेऊन फिरले, नंतर अ‍ॅडम लॅम्बर्टला, स्टेडियमं भरली. डीकनची जागा प्रत्येक वेळी दुसऱ्या कोणी तरी भरली, आणि त्या दुसऱ्याचं नावही फारसं कोणी विचारलं नाही. परंपरा टिकली म्हणायची.

जुने सोबती विचारलं की सांगतात, भेट होत नाही, पण व्यवहाराचे निर्णय त्याच्या संमतीशिवाय होत नाहीत आणि आकड्यांवर त्याची नजर असते. २०१८मध्ये क्वीनवरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ चित्रपट आला. त्यात एका प्रसंगी बाकीचे एकमेकांच्या अंगावर जाऊ लागतात तेव्हा पडद्यावरचा डीकन काही न बोलता ती तीन ठोक्यांची धून सुरू करतो आणि भांडण थांबतं. चित्रपटाने जगभरात ९० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. मे आणि टेलर लाल गालिच्यावर, पुरस्कार समारंभांत, मुलाखतींत सगळीकडे दिसले. डीकन कुठेच दिसला नाही. त्याचा हिस्सा मात्र वेळेवर आणि बरोबर पोचला असणार. पोचला नसता, तर आपल्याला त्याचा आवाज नक्की ऐकू आला असता.